खुर्द्याचा हिशेब

माझ्या घरी येणाऱ्या पत्रांवर अजूनही कुणी कुणी 'हॅरो, मिडलसेक्स' असं लिहितं. मिडलसेक्स नावाची काउंटी १ एप्रिल १९६५ला बंद झाली. तिचा बहुतेक भाग ग्रेटर लंडनमध्ये गेला, पॉटर्स बार हर्टफर्डशरला मिळालं, स्टेन्स आणि सनबरी सरेकडे गेले. तिचा कारभार जिथून चाले, त्या पार्लमेंट चौकातल्या गिल्डहॉलमध्ये २००९पासून ब्रिटनचं सुप्रीम कोर्ट भरतं. टपालखात्याने मात्र हे नाव पत्त्यात १९९६पर्यंत चालू ठेवलं, आणि लोकांनी त्यानंतरही. हीथ्रोवर उतरणारा प्रत्येक मराठी माणूस जुन्या हिशेबाने मिडलसेक्सच्या भुईवर पाय ठेवतो. वेंगसरकरांनी तीन शतकं काढली ते लॉर्ड्सचं मैदान मिडलसेक्समधलंच. न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली सुरू झालेलं लंडनचं महाराष्ट्र मंडळ आज डॉलिस हिलला आहे, तोही विल्सडेनचा, म्हणजे जुन्या मिडलसेक्सचाच भाग.

या बंद पडलेल्या काउंटीचा वर्षातून एक दिवस असतो, १६ मे. त्या दिवशी इथले जुने अभिमानी लोक लाल झेंडा लावतात. त्यावर तीन वाकड्या तलवारी आणि वर मुकुट. २००३ साली पार्लमेंटमध्ये मांडल्या गेलेल्या एका प्रस्तावानेही मिडलसेक्स दिन म्हणून या तारखेची दखल घेतली. शेजारीपाजारी विचारलं तर फारसं कुणाला ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांच्यात दोन तट दिसतात. एकाला हा दिवस जसाच्या तसा हवा, बिगुल आणि झेंड्यासकट. दुसऱ्याला वाटतं, दोनशे वर्षांपूर्वीची स्पेनमधली एक लढाई आजच्या हॅरो-साउथॉलच्या गळ्यात कशाला बांधता? मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. हा दिवस राहावा, याच तारखेला राहावा, आणि तो आपणही पाळावा, असं माझं मत आहे. पण त्याआधी त्या दिवशी काय झालं ते नीट सांगायला हवं. आज ते अर्धंच सांगितलं जातं.

१६ मे १८११. स्पेनच्या नैऋत्य कोपऱ्यात, बादाहोस शहरापासून पाच-सात कोसांवर आल्बुएरा नावाचं लहानसं गाव. बादाहोसला पडलेला वेढा उठवण्यासाठी नेपोलियनचा मार्शल सूल्ट सेव्हिलहून सुमारे चोवीस हजार फौज घेऊन निघालेला. त्याला अडवायला मार्शल बेरेसफर्डच्या हाताखाली इंग्रज, पोर्तुगीज आणि स्पॅनिश मिळून पस्तीस हजारांच्या आसपास. सूल्टने गावाजवळच्या पुलावर हल्ल्याचा देखावा केला आणि खरी फौज उजव्या बगलेवर घातली. तिथे आधी उभे होते स्पॅनिश सेनानी सयासचे शिपाई. त्यांनी हल्ल्याच्या दिशेने मोर्चा वळवला आणि अंगावर चालून येणाऱ्या फ्रेंच फौजेला थोपवून धरलं. मग इंग्रजांची एक ब्रिगेड पुढे गेली. त्याच वेळी गारांचा पाऊस कोसळला, बंदुका भिजल्या, पुढचं दिसेना, आणि त्या अंधारातून फ्रेंचांच्या बाजूचे पोलिश भालाईत घोडेस्वार बगलेवरून आत घुसले. काही मिनिटांत त्या ब्रिगेडच्या चारांपैकी तीन पलटणी नाहीशा झाल्या.

त्यानंतर पुढे आणली ती हॉटनची ब्रिगेड. तिच्यात ५७वी पलटण होती, कागदोपत्री नाव 'वेस्ट मिडलसेक्स'. समोरासमोर, चेहरे दिसतील इतक्या अंतरावर दोन रांगा उभ्या राहिल्या आणि एकमेकींवर गोळ्या झाडत राहिल्या. माणूस पडला की शेजारचा मधली जागा भरायला सरकायचा. रांग आखूड होत गेली, मोडली नाही. पलटणीचा प्रमुख विल्यम इंग्लिस छर्रा लागून पडला. त्याने मागे न्यायला नकार दिला आणि पडल्या जागेवरून ओरडत राहिला, "डाय हार्ड, फिफ्टी-सेव्हन्थ, डाय हार्ड!" मराठीत सांगायचं तर, मरायचंच असेल तर सहजासहजी मरू नका. चारशेहून अधिक माणसं पडली. पलटणीतल्या दर तिघांमागे दोघं मेली किंवा जखमी झाली. हॉटन स्वतः मारला गेला. बेरेसफर्डने अहवालात लिहिलं की ५७व्या पलटणीचे मेलेले शिपाई लढताना होते तसेच रांगेत पडलेले होते आणि प्रत्येकाची जखम छातीवर होती.

शेवटी ताज्या दमाची एक डिव्हिजन आली आणि फ्रेंच मागे हटले. दोन्हीकडचे मेलेले, जखमी आणि पकडलेले मिळून बारा हजारांच्या घरात. इंग्रजांच्या दहा हजारांपैकी चार हजारांच्या वर. स्पॅनिश चौदाशेच्या आसपास. बादाहोस त्यानंतरही फ्रेंचांच्याच हातात राहिलं.

या दिवसाची गोष्ट सांगताना बहुतेक जण इंग्लिसच्या आरोळीपाशी थांबतात. मला मात्र त्यानंतरचे चार-पाच दिवस जास्त महत्त्वाचे वाटतात. बेरेसफर्ड खचला होता. त्याने आपला वरिष्ठ सेनापती वेलिंग्टन याच्याकडे पाठवायला जो अहवाल लिहिला तो पराभूत माणसाचा होता. वेलिंग्टनने तो वाचला आणि म्हणाला, हे चालायचं नाही, मला विजय लिहून द्या. अहवाल पुन्हा लिहिला गेला आणि विजयाचा झाला. हा तोच आर्थर वेलस्ली, ज्याने आठ वर्षांपूर्वी, १८०३च्या सप्टेंबरात, भोकरदनजवळ असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. राजकीय दृष्टीने त्याचं गणित बरोबर असेल. लंडनमध्ये युद्धाला पैसा देणाऱ्यांना रडका कागद दाखवून चाललं नसतं. पण आज जो दिवस साजरा होतो तो त्या दुरुस्त कागदाचा दिवस आहे. पहिल्या कागदाचं काय?

आपण मराठी माणसं हा प्रश्न ओळखतो, कारण आपल्याकडे उलट घडलेलं आहे. पानिपतानंतरचा कागद कुणी दुरुस्त केला नाही. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही, हे सावकारी भाषेतलं पत्र मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं. 'पानिपत झालं' हा शब्दप्रयोग परीक्षेत नापास झालेल्या पोरालाही आपण लावतो. पराभवाला पराभव म्हणून भाषेत जागा देणं ही मोठी गोष्ट आहे, आणि तिचा मला अभिमान आहे. पण त्याच पत्रातला तिसरा हिशेब मला नेहमी टोचत आलेला आहे. मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे सरदार. आणि खुर्दा म्हणजे बाकी सगळे, ज्यांची गणती नाही.

आल्बुएराचाही खुर्दा तसाच राहिला. हॉटनची कबर पोर्तुगालच्या हद्दीत, एल्वासच्या छोट्याशा इंग्रज दफनभूमीत आहे. इंग्लिस वाचला, सर झाला, १८३५ साली वारला तेव्हा कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये त्याला जागा मिळाली, आणि मिल हिलमधल्या बराकींना पुढे त्याचं नाव दिलं गेलं (आता तिथे घरांची वसाहत आहे). रांगेत पडलेल्यांच्या वाट्याला नावाचा दगड आला नाही. वरिष्ठ अधिकाऱ्यांना लढाईबद्दल सोन्याची पदकं होती. साध्या शिपायांसाठी पदक मंजूर झालं १८४७ साली, म्हणजे छत्तीस वर्षांनी, आणि तेही जे तोवर जगले आणि ज्यांनी अर्ज केला त्यांनाच. ज्याला अर्ज लिहिता येत नव्हता त्याने काय केलं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

ही माणसं होती तरी कुठली? मिडलसेक्स दिनाच्या भाषणांत ती 'आपल्या काउंटीची पोरं' असतात. ही पलटण १७५५ साली उभी राहिली ती सॉमरसेट आणि ग्लॉस्टर भागात. मिडलसेक्सचं नाव तिला १७८२ साली मिळालं, कारण त्या वर्षी भरती वाढावी म्हणून सरकारने पायदळाच्या पलटणींना एकेका काउंटीची नावं वाटली. पुढे भरती झाली ती जिथे पोट रिकामं होतं तिथून. १८३० साली ब्रिटिश सैन्यातले चाळीस टक्क्यांहून अधिक शिपाई आयरिश होते. ५७वीला 'डाय हार्ड्‌स' हे नाव पडण्याआधी तिचं दुसरं टोपणनाव होतं, पोलादी पाठीची पलटण. पाठ पोलादी, कारण तिच्यावर चाबकाचे फटके फार पडत. दुष्काळी गावचा, बोलीचा हेल वेगळा असलेला, फटके खाल्लेला एखादा माणूस त्या टेकडीवर उभा राहिला आणि कागदावरच्या एका नावासाठी मेला. त्या नावाच्या काउंटीत त्याने कधी पाऊल टाकलं असेल याची खात्री नाही.

जुने अभिमानी लोक आणि त्यांचे टीकाकार, दोघांचीही गल्लत मला इथे दिसते. दोघं धरून चालतात की १६ मे हा मूळच्या, रक्ताच्या मिडलसेक्सकरांचा दिवस आहे. एक म्हणतो म्हणून तो जपा, दुसरा म्हणतो म्हणून तो सोडा. पण मुळात तो बाहेरून आलेल्यांचा दिवस आहे. मिडलसेक्सची ओळख ज्या चारशे माणसांच्या रक्तावर उभी केली गेली ती माणसं मिडलसेक्समध्ये जन्मलेली असण्याची गरज कुणाला वाटली नव्हती. त्यांनी ते नाव अंगावर वागवलं एवढं पुरेसं होतं. मग २०२१च्या जनगणनेत ज्या हॅरोत चारातला एक जण हिंदू नोंदला गेला, ज्या साउथॉलमध्ये पंजाबी दुकानांच्या पाट्या आहेत, ज्या वेंब्लीत कपाटभर मसाल्यांसाठी आम्ही दर शनिवारी जातो, तिथल्या माणसाला हे नाव वागवायला कुठली अट आडवी येते?

वॉल्टर टुल हे नाव मी इथे मुद्दाम घेते. वडील बार्बाडोसचे, आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. स्वतः केंट परगण्यातल्या फोकस्टनचा, लंडनच्या अनाथाश्रमात वाढलेला. टॉटनहॅमकडून फुटबॉल खेळला. पहिल्या महायुद्धात मिडलसेक्स रेजिमेंटमध्ये भरती झाला. ही रेजिमेंट म्हणजे १८८१ साली ५७वी आणि ७७वी एकत्र करून झालेली, 'डाय हार्ड्‌स' हे नाव पुढे चालवणारी. लष्कराच्या नियमांत अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचाच असावा असं लिहिलेलं असताना १९१७ साली टुल अधिकारी झाला. २५ मार्च १९१८ला फ्रान्समध्ये पडला. प्रेत सापडलं नाही, नाव आरासच्या स्मारकावर आहे. १९४१च्या डिसेंबरात हाँगकाँग पडलं तेव्हा मिडलसेक्सची पहिली बटालियन लढत होती, आणि त्याच बेटावर राजपूत आणि पंजाब रेजिमेंटांच्या बटालियनी. मिडलसेक्स दिनाच्या कार्यक्रमात हे आलं तर त्या दिवसाची शोभा कमी होईल असं मला वाटत नाही.

आता आक्षेप. पहिला माझ्या स्वतःच्या मनातला आहे आणि तो मोठा आहे. ही साम्राज्याची पलटण होती. ५७वी १८६०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तारानाकीला माओरींची जमीन घेण्याच्या युद्धात लढली. ७७वी तर १७८७ साली खास हिंदुस्थानसाठीच उभी केली गेली होती. तिच्या मानचिन्हांत 'श्रीरंगपट्टण' आहे. ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांच्या पलटणीचा दिवस आपण का पाळावा? या प्रश्नाला चतुर उत्तर देऊन सुटका नाही. एवढंच सांगते की टिपूशी १७९० ते ९२ या काळात जे युद्ध झालं त्यात हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्याच बाजूने होते. इतिहासात निर्मळ हात शोधत बसलं तर कुठलाच दिवस पाळता यायचा नाही, आपला स्वतःचाही नाही. आणि म्हणूनच श्रीरंगपट्टण आणि तारानाकी यांचाही उल्लेख १६ मेला व्हायला हवा. आल्बुएराची जखम छातीवर होती हे सांगायचं आणि तारानाकीत जमीन कुणाची होती हे गाळायचं, याला स्मरण म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक देखणा आहे. मिडलसेक्सला दिवस हवाच तर लढाईचा कशाला, लोकशाहीचा घ्या. १७६८ साली याच काउंटीच्या मतदारांनी ब्रेंटफर्डला सरकारचा कडवा टीकाकार जॉन विल्क्स याला निवडून दिलं. पार्लमेंटने त्याला हाकललं. मतदारांनी त्यालाच पुन्हा निवडलं, पुन्हा हाकललं, पुन्हा निवडलं. १३ एप्रिल १७६९ला त्याला ११४३ मतं पडली आणि विरोधी उमेदवार लट्रेलला २९६. सभागृहाने तरीही लट्रेललाच आसन दिलं. आपला प्रतिनिधी मतदार ठरवतील की सभागृह, या भांडणाला 'मिडलसेक्सची निवडणूक' असंच नाव आहे, आणि तो अन्याय सभागृहाने आपल्या दप्तरातून १७८२ साली खोडला. बरीच वर्षं मलाही वाटायचं की खरा मिडलसेक्स दिन १३ एप्रिल. याच न्यायाने २० ऑगस्टही पुढे येतो: १९७६ साली त्या दिवशी विल्सडेनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातून कामगार जयाबेन देसाई काम सोडून बाहेर पडल्या, संप सुरू झाला, आणि साडी नेसलेल्या कामगार बायका दोन वर्षं दारावर उभ्या राहिल्या. त्या हरल्या. त्यांनीही रांग मोडली नव्हती.

या दोन्ही दिवसांना माझा मनापासून नमस्कार आहे, पण विल्क्ससाठी १६ मे सोडायला मी आता तयार नाही. विल्क्सला मत देणारे वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाच्या जमिनीचे मालक होते. ज्याच्याकडे जमीन नव्हती त्याला मत नव्हतं, आणि पलटणीत जाणारा बहुधा तोच असे. १३ एप्रिल हा मोहरांचा दिवस आहे. खुर्द्याला काउंटीच्या कॅलेंडरवर एकच तारीख मिळाली आहे आणि ती योगायोगाने मिळाली आहे. ती काढून घेऊ नये.

दिवसाचा अर्थ तारखेत कोरलेला नसतो, जमणारी माणसं तो ठरवतात, हे मराठी माणसाला भीमा-कोरेगावहून वेगळं शिकायची गरज नाही. तिथला विजयस्तंभ कंपनी सरकारने आपल्या पराक्रमासाठी उभारला. पण त्यावर शिपायांची नावं कोरलेली होती. १ जानेवारी १९२७ला बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. दगड कंपनीचा होता, नावं आपल्या माणसांची होती, आणि लोक त्या नावांसाठी जमू लागले. आज तिथे येणाऱ्या लाखोंतल्या कुणाला विचारलं तर तो ईस्ट इंडिया कंपनीचा जय करायला आलेला नसतो. आल्बुएरा आणि कोरेगाव यांच्यात जेमतेम पावणेसात वर्षांचं अंतर आहे. फरक दगडावरच्या नावांचा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती झेंड्याविषयी नाही. १६ मेच्या कार्यक्रमात भाषणांच्या आधी नावं वाचली जावीत. त्या काळच्या पलटणींच्या हजेरी आणि पगाराच्या वह्या लंडनमध्येच, क्यूच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात ठेवलेल्या आहेत. त्यातून ५७वीची यादी काढून हॅरो, ब्रेंट, ईलिंग, हाउन्स्लोच्या शाळांतल्या मुलांना एकेक नाव द्यावं. एक मूल, एक शिपाई. त्याचं गाव कळलं तर गाव, वय कळलं तर वय. लंडनचं महाराष्ट्र मंडळ, गुजराती समाज, गुरुद्वारे, आयरिश क्लब यांनी आपापल्या सभागृहात ही वाचनं ठेवावीत. आयरिश क्लबाला तर त्यात आपल्याच गावची नावं सापडतील. वेलिंग्टनने दुरुस्त केलेल्या कागदाबरोबर बेरेसफर्डच्या पहिल्या कागदाचीही गोष्ट सांगितली जावी. आणि इंग्लिसच्या आरोळीच्या आधी सयासच्या स्पॅनिश शिपायांचं नाव घेतलं जावं, कारण ते आधी उभे होते. इंग्रजी पुस्तकांनी त्यांना फार काळ तळटीपेतही नीट जागा दिली नाही. ज्यांचं गाव त्या दिवशी तुडवलं गेलं ते आल्बुएराचे लोक दर मे महिन्यात गावाबाहेरच्या माळावर ती लढाई पुन्हा उभी करतात, दोन्ही बाजूंचे गणवेश शिवून. मिडलसेक्सच्या मुलांनी आपली यादी वाचून झाल्यावर एक प्रत त्या गावाला पाठवावी, स्पॅनिशमध्ये.

त्या रेजिमेंटच्या वारसांच्या मेसमध्ये अजूनही १६ मेच्या रात्री एक प्रथा पाळली जाते. सगळे उभे राहतात आणि त्या दिवशी पडलेल्यांच्या नावाने चषक उचलतात. तो चषक निःशब्द असतो. दोनशे वर्षांत या लढाईविषयी जे काही केलं गेलं त्यातली हीच एक गोष्ट मला पूर्णपणे खरी वाटते. मेसच्या दाराआड जे पाळलं जातं ते डॉलिस हिलच्या सभागृहात पाळायला हरकत नाही. चषकाऐवजी पाण्याचा पेला चालेल. नावं वाचून झाली की दोन मिनिटं कुणीही काही बोलू नये.